चार नंबरचा रिॲक्टर कुठे गेला?

राळेगावच्या माझ्या चुलतभावाच्या लेखी मी आजही ‘औषधाच्या कंपनीतली बाई’ आहे. आमच्या भागात औषध म्हटलं की कपाशीवर फवारायचं, त्यामुळे तो चुकीचं काही बोलत नाही. यवतमाळजवळच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं केमिस्ट म्हणून काम केलं, त्यातली शेवटची दहा वर्षं प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी घरी आले तेव्हा बाबांनी ती गुंडाळी उघडून पाहिली, पुन्हा तशीच गुंडाळली, हात धुऊन आले आणि मग दुसऱ्यांदा उघडली. ज्यांच्यामुळे मी शिकले त्या सगळ्यांचे उपकार मनात ठेवूनच हे लिहिते आहे. सांगायची आहे ती मात्र माझी एक चूक.

आधी आमचा धंदा थोडा समजावून सांगते. कपाशीवरच्या काही कीटकनाशकांत फॉस्फरस असतो. युद्धात माणसं मारायला जे विषारी वायू बनवले गेले, त्यातले काही याच कुळातले. चुलत भावंडंच म्हणा ना. म्हणून जगातल्या बहुतेक देशांनी मिळून एक करार केला: रासायनिक अस्त्रं कुणी बनवायची नाहीत, ठेवायची नाहीत, आणि असली रसायनं बनवणाऱ्या साध्या कारखान्यांनीही दरवर्षी सरकारला कळवायचं की आम्ही काय बनवलं आणि किती. सरकार ते युरोपातल्या एका कार्यालयाला कळवतं. तिथले तपासनीस मग जगातला कुठलाही कारखाना निवडतात आणि पाच दिवस आधी सूचना देऊन बघायला येतात.

हा करार सह्यांसाठी पॅरिसमध्ये मांडला गेला. त्याच्याही आधीचा, विषारी वायू युद्धात वापरू नये असं सांगणारा जुना करार आहे, तो सांभाळायची जबाबदारी फ्रान्स सरकारकडेच आहे. कारण उघड आहे. पहिल्या महायुद्धात असला वायू त्यांच्या शेतांवरून पसरला होता.

आमच्याकडचं ते वार्षिक विवरणपत्र मी भरायची. त्यातच गिऱ्हाइकांवर नजर ठेवणंही आलं. एकदा पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ आले. आमच्याकडे कच्चा माल म्हणून येणारं एक रसायन त्यांना सहा ड्रम हवं होतं. कशाला, तर म्हणे शाळेच्या प्रयोगशाळेला.

“शाळा केवढी आहे?” मी विचारलं.

“दहावीपर्यंत.”

“एवढ्या मालात दहावीच्या पोरांच्या नातवंडांचेही प्रयोग होतील,” मी म्हटलं, आणि शेवटचा वापर कुठे होणार ते लिहून द्यायचा फॉर्म पुढे सरकवला. पेन गाडीत राहिला म्हणून ते बाहेर गेले ते गेलेच. गाडीचा नंबर मी दिल्लीच्या सरकारी कार्यालयाला कळवला. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. असल्या गोष्टींचा शेवट आमच्यापर्यंत येत नाही.

आता चूक सांगते.

एका बुधवारी सकाळी सूचना आली. यंदा आमचा कारखाना निवडला गेला होता. चार तपासनीस सोमवारी येणार, त्यांच्याबरोबर दिल्लीचे एक अधिकारी. सोमवारी सकाळी तपासणी सुरू करून मंगळवारी दुपारी दोन वाजेपर्यंत ती संपवायची. आमचे व्यवस्थापक पाठकसाहेब मूळचे यवतमाळचेच, तीन पिढ्या कचेरीत काम केलेल्या घरातले. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, “पाच दिवस आहेत. कारखाना लग्नघरासारखा दिसला पाहिजे. राऊत मॅडम, तुम्ही बघा.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. शिक्षणखात्याचे साहेब येणार असले की आदल्या दिवशी आम्ही मुली ओसरी सारवायचो, मुलं अंगणातल्या दगडांना चुना लावायची, आणि फाटका नकाशा गुरुजी कपाटामागे सरकवायचे. तपासणी म्हणजे हेच, हे माझ्या हाडात भिनलेलं. मी कामाला लागले. टाक्यांना पांढरा रंग, पाइपांना हिरवा, कठड्यांना पिवळा. आमचे फोरमन देवराव कुमरे चार माणसं घेऊन उजाडल्यापासून ब्रश मारत होते.

शुक्रवारी देवराव मला म्हणाले, “म्याडम, थो चार नंबर काहाडून टाकू काय? एवढ्या रंगात थोच एक भुतावानी उभा दिसून राह्यला.”

चार नंबर म्हणजे आमचा जुना रिॲक्टर. ज्या मोठ्या भांड्यात रसायनांची क्रिया घडवतात ते भांडं. आतून निळ्या काचेचा थर, बाहेरून लोखंड. नऊ वर्षांपूर्वी काच तडकली म्हणून तो बंद केला होता. पाइप कापून, तोंडं बंद करून तो जागेवरच गंजत उभा होता. मला देवरावांचं म्हणणं एकदम पटलं. शनिवारी बोरी अरबचे भंगारवाले सलीमभाई ट्रक घेऊन आले आणि चार नंबर घेऊन गेले. बाहेर जायच्या पासवर सही माझी. त्या जागी देवरावांनी काँक्रीट ओतून त्यावर ओली पोती टाकली. रविवारी मी एक फेरी मारली, तेव्हा खरं सांगते, मला अभिमान वाटला.

सोमवारी पाहुणे आले. पथकाचे प्रमुख फ्रेंच होते. त्यांचं आडनाव मोरेल. वय पंचावन्नच्या पुढचं, उन्हानं रापलेला चेहरा, जाड बोटं. ते फ्रान्सचे म्हणून आले नव्हते, जागतिक कार्यालयाचे नोकर म्हणून आले होते, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. त्यांचंही इंग्रजी शिकून घेतलेलं आणि माझंही, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं चटकन कळायचं.

मी कारखान्याची माहिती दिली, नकाशा वाटला. तो नकाशा जुना होता. घाईत मी बदलायला विसरले. त्यावर चार नंबर होता.

तासाभरानं आम्ही फिरायला निघालो. मोरेल नकाशा हातात धरून एकेका भांड्यापुढे थांबत, नंबर बघत, पुढे जात. एक, दोन, तीन. मग ते ओल्या पोत्यांपाशी थांबले. बुटाच्या टोकानं त्यांनी पोतं जरासं सरकवलं.

“इथे काय होतं?”

“चार नंबरचा रिॲक्टर. बंद होता.”

“कधी हलवला?”

“शनिवारी.”

“आमची सूचना तुम्हाला कधी मिळाली?”

“बुधवारी.”

त्यांनी ते लिहून घेतलं. आवाज चढवला नाही, चेहराही बदलला नाही. वर पाइपांकडे पाहत म्हणाले, “या पाइपांवर काय वाहतं ते लिहिलेलं असेल ना?” लिहिलेलं होतं. देवरावांच्या हिरव्या रंगाखाली होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की आपण काय करून ठेवलं आहे. तपासणीची सूचना आल्यावर, तपासनीस यायच्या आत, एक भांडं गायब, त्याची जागा काँक्रीटनं बुजवलेली, आणि पाइपांवरची अक्षरं पुसलेली. मी त्यांच्या जागी असते तर मलाही एकच अर्थ लागला असता.

दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. “भांडं दाखवता आलं नाही तर अहवालात पडताळणी होऊ शकली नाही असं येईल,” ते म्हणाले. “मग प्रश्न तुमच्या कारखान्याला विचारणार नाहीत, देशाला विचारतील. उत्तर दिल्लीला द्यावं लागेल. आणि दिल्ली पहिलं काम काय करील, तर तुमच्या कारखान्याला कुलूप लावील.”

त्या कुलपामागे एकशे चाळीस घरं होती.

देवराव तिथेच उभे होते. “म्याडम, माह्यं नाव सांगा. म्याच म्हनलं होतं, काहाडून टाकू म्हून.”

“सही कुणाची आहे, देवराव?”

“सही तुमची हाय, पन अक्कल माही गेली ना! मले काय, दोन वर्सं राह्यली नोकरीची. तुमाले कायले गोवता?”

मी त्यांना तसंच टेम्पो घेऊन बोरी अरबला पाठवलं. मला कारखाना सोडून जाता येत नव्हतं. पथकानं काही विचारलं तर उत्तर द्यायची जबाबदारी माझी होती.

पाठकसाहेबांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. चार नंबर भंगारात काढण्याचा निर्णय, तारीख दीड महिन्यापूर्वीची. त्यांची सही झालेली होती, माझ्या सहीची जागा मोकळी.

“हे खोटं नाही, मॅडम,” ते म्हणाले. “भंगारात काढायचं आपण कितीदा बोललो आहोत. लिहिलं नव्हतं एवढंच.”

पाठकसाहेब वाईट माणूस नव्हते. माझ्या बाळंतपणात तीन महिने त्यांनी माझं काम स्वतः उरकलं होतं. आणि तो कागद कुणालाही पकडता आला नसता. मी पेन उघडला. किती वेळ उघडा धरून बसले ते आठवत नाही. शेवटी सही न करताच मी कागद फाइलमध्ये घातला आणि फाइल घेऊन बैठकीला गेले.

मोरेल समोर बसले. पहिलाच प्रश्न: “भांडं काढायचा निर्णय सूचनेच्या आधीचा की नंतरचा?”

फाइल माझ्या मांडीवर होती. पाठकसाहेब माझ्याकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते.

“नंतरचा,” मी म्हटलं.

“का काढलं?”

“तुम्ही येणार म्हणून.”

“म्हणजे आम्हाला ते दिसू नये म्हणून?”

“हो. म्हणजे, दिसू नये म्हणूनच, पण लपवायला नाही.”

दिल्लीच्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. मोरेलनी पेन खाली ठेवला. “या दोन्हींत फरक काय, ते मला सांगा.”

मग मी त्यांना शाळेचं सांगितलं. सारवलेली ओसरी, चुन्याचे दगड, कपाटामागचा नकाशा. माझं इंग्रजी अडखळत होतं. सारवणाला काय म्हणायचं तेच मला सुचेना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मला हे खरं वाटतं,” ते म्हणाले. “पण मला काय वाटतं ते अहवालात लिहिता येत नाही. भांडं दाखवा.”

इतक्यात माझा फोन वाजला. देवराव होते. मी परवानगी घेऊन तिथेच उचलला.

“म्याडम, सापडला! पन कटर चालू हाय!”

“थांबवा! आधी थांबवा!”

मागून सलीमभाईंचा आवाज आला, “आधा तो कट गया, म्याडम. आधा क्या करोगे?”

“जेवढा आहे तेवढा परत द्या, सलीमभाई. हात जोडते.”

“देवराव,” मी विचारलं, “वरचं झाकण आहे ना? कडेवरचा नंबर झाकणावरच आहे.”

देवराव म्हणाले, “झाकन नाही म्याडम. थे सकाळीच एका शेतकऱ्यानं नेलं म्हनते. बैलायले पानी पाजाले. हौद म्हून.”

मी फोन खाली ठेवला आणि आहे तसं इंग्रजीत सांगितलं. दिल्लीचे साहेब म्हणाले, “म्हणजे नंबर गेला.” पाठकसाहेब म्हणाले, “दुसरा पुरावा काय देता येईल?” माझ्याही डोक्यात नंबरच होता.

मोरेल उभे राहिले होते. “जनावरांनी त्यातलं पाणी प्यायलं का?”

पाठकसाहेब अजून नंबरांची जुनी वही चाळत होते.

“फोन लावा,” ते म्हणाले. “आधी ते विचारा. नंबर नंतर.”

मी देवरावांना सांगितलं, शेत शोधा, धावत जा, त्यात पाणी असलं तर ओतू देऊ नका, जनावरं दूर बांधा, आणि हातमोज्यांशिवाय हात लावू नका. आमच्या नोंदींप्रमाणे चार नंबर बंद करताना आतून धुतला होता. पण काच तडकलेली होती, आणि तडकलेल्या काचेमागे नऊ वर्षं काय साचून राहिलं असेल ते मलाच सांगता येत नव्हतं. कीटकनाशकाच्या रिॲक्टरचं झाकण मी, शिकलेली केमिस्ट, सही करून बाहेर पाठवलं होतं. आणि ते कुठे जाईल हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

तो पाऊण तास मी विसरणार नाही. त्या वेळात मोरेल थोडंसं बोलले. या नोकरीआधी ते उत्तर फ्रान्समध्ये जुने तोफगोळे उचलायच्या कामावर होते. तिथे आजही नांगरताना पहिल्या युद्धातले गोळे वर येतात. शेतकरी ते उचलून बांधावर ठेवतात, मग यांची गाडी येऊन घेऊन जाते. काहींत अजून वायू असतो. त्यांच्या काकांनी असला एक गोळा वर्षानुवर्षं गोठ्याच्या दाराला अडणा म्हणून लावला होता. “लपवला नव्हता,” ते म्हणाले. “सवय झाली होती. मी उचलून नेला तर काका माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. दार वाजायला लागलं म्हणून.”

फोन आला. देवरावांना दम लागला होता.

“म्याडम, पानी भरलं नाही! हौद बसवाले खाली सिमेंट टाकलं, थे ओलंच हाय. उद्या भरनार होते.”

मागून कुणीतरी चिडून बोलत होतं, “असे कसे नेता वापस? मजबूत हाय म्हून घेतलं मी. आतून निया निया, काचेवानी चकचक, पाहा ना बापा!”

“त्यांना सांगा, नवा हौद आम्ही बांधून देऊ,” मी म्हटलं. पाठकसाहेबांना विचारलंही नाही. मान वर करून पाहिलं तर ते होकारार्थी मान हलवत होते.

मंगळवारी एक वाजता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चार नंबर परत आला. दोन तुकडे आणि झाकण. अंगणात ताडपत्री अंथरून आम्ही ते मांडले. मोरेल मास्क घालून गुडघ्यावर बसले. कडेवरचा कोरलेला नंबर आमच्या जुन्या वहीशी ताडून पाहिला, काचेच्या तड्यांमधला गंज पाहिला, कापलेल्या पाइपांची तोंडं पाहिली. एका तासात जेवढं बघता येतं तेवढं चौघांनी बघितलं. पाइपांवरचा हिरवा रंग देवरावांच्या माणसांनी सकाळपासून खरवडला होता आणि अक्षरं दिसू लागली होती.

दोनला दहा मिनिटं असताना अहवाल पुढे आला. त्यात दोन वाक्यं महत्त्वाची होती. पहिलं: सूचना मिळाल्यानंतर एक बंद रिॲक्टर कारखान्याबाहेर गेला, तो मागणीवरून परत आणला गेला. दुसरं: तपासणीत विवरणपत्राशी विसंगत काही आढळलं नाही.

पाठकसाहेब नम्रपणे म्हणाले, “पहिलं वाक्य काढता येईल का? सगळं ठीक निघालं आहे ना?”

“ते काढलं,” मोरेल म्हणाले, “तर दुसरं लिहिणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?”

मी सही केली. फाइलमधला तो टाइप केलेला कागद पाठकसाहेबांनी माझ्याकडून मागून घेतला आणि स्वतःच फाडला.

निघताना मोरेल माझ्यापाशी थांबले. “बैलांचा हौद आमच्या करारात बसत नाही,” ते म्हणाले. “म्हणून मी तो कुठेच लिहिलेला नाही. तो तुम्हाला लिहावा लागेल.”

मला नीट कळायला एक दिवस लागला. मग मी बाहेर जायच्या पासची जुनी पुस्तकं काढली. माझ्या सहीनं भंगारात गेलेली, रसायन लागलेली भांडी, झाकणं आणि टाक्या मोजल्या. अकरा होत्या. मी एकदाही विचारलं नव्हतं की त्या पुढे कुठे जातात. पाठकसाहेबांनी रविवारी टेम्पो द्यायचं कबूल केलं. मी, देवराव आणि कधी सलीमभाई, असे आम्ही गावोगाव फिरलो. दारव्ह्याकडे एक टाकी लग्नाच्या मंडपवाल्याकडे पाण्याला लावलेली मिळाली. एक मुकुटबनजवळ शेतात धान्य भरून होती. लोक आधी हसायचे, मग भांडायचे, मग मुकाट्यानं बाहेर काढून द्यायचे. कुणाला काय झालं होतं का, हे विचारायची माझी हिंमत प्रत्येक ठिकाणी झाली नाही. ते इथे कबूल करते.

नऊ सापडल्या. देवराव निवृत्त झाले, मीही झाले, दोन अजून सापडलेल्या नाहीत.

दोन्ही जाड लोखंडी झाकणं आहेत, पसरट कढईसारखी, साधारण हातभर खोल. आतून गडद निळी, काचेसारखी गुळगुळीत, बाहेरून गंजलेली. कडेवर इंग्रजी आर हे अक्षर आणि त्यापुढे एक अंक कोरलेला आहे, एकावर सात, दुसऱ्यावर नऊ. यवतमाळ जिल्ह्यात हा लेख वाचणाऱ्या कुणाच्या शेतात, गोठ्यात किंवा विहिरीपाशी असलं काही असेल, तर त्यात पाणी भरू नका, जनावरं लावू नका, पोरांना बसू देऊ नका. संपादकांकडे निरोप द्या. मी येऊन घेऊन जाईन, आणि त्या जागी सिमेंटचा हौद बांधून देईन.